‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

इंग्रजीतले ‘रन’ हे तीन अक्षरांचे क्रियापद शाळेत ‘धावणे’ या एका अर्थाने पाठ होते. पुढे नाक, नळ, यंत्र आणि दुकान यांच्यासोबतही तेच क्रियापद दिसले की विद्यार्थी अडखळतो. त्यामागे काही रूढ गैरसमज आहेत.

गैरसमज : इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’ या शब्दाचे आहेत.
वस्तुस्थिती : ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत मोठी, सुमारे ६०,००० शब्दांची होती. पुढे कोशकार पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्याने तयार केली. तिच्यात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले.

गैरसमज : खरा अर्थ पायांनी धावणे; बाकीचे ओढूनताणून जोडलेले.
वस्तुस्थिती : जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद पाण्याच्या वाहण्यासाठी वापरले जाई. जर्मन भाषेतील त्याच कुळातल्या ‘रिनेन’चा अर्थ आजही ‘वाहणे’ असाच आहे. अखंड गती हा या सर्व अर्थांना जोडणारा धागा. मराठीत नाक वाहते, यंत्र चालते, दुकान चालवले जाते. इंग्रजीत मात्र या धाग्यामुळे तिन्हीकडे ‘रन’च येतो. क्रिकेटमधल्या ‘रन’ला मात्र मराठीने ‘धाव’ हा प्रतिशब्द दिला.

गैरसमज : स्पेलिंग एक, म्हणजे शब्दही एकच.
वस्तुस्थिती : नेहमीच तसे नसते. ‘बॅट’ म्हणजे फळी आणि ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ, हे वेगवेगळ्या उगमांचे दोन शब्द आहेत. ‘रन’चे अर्थ मात्र एकाच मुळाला फुटलेल्या फांद्या आहेत.

गैरसमज : इतके अर्थ हा इंग्रजीचा ढिसाळपणा, मराठी नेमकी आहे.
वस्तुस्थिती : भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, प्रवासात गाडी लागते, झाडाला आंबे लागतात आणि कोणी नात्याने मामा लागतो. रोजच्या वापरातल्या लहान शब्दांना असे अर्थ सगळ्याच भाषांत फुटतात.

गैरसमज : सगळे अर्थ पाठ केल्याशिवाय शब्द येत नाही.
वस्तुस्थिती : ‘लागणे’चे अर्थ मराठी मूल पाठ करत नाही, सोबतच्या शब्दावरून ते ओळखते. ‘रन’ही असाच शिकावा : सुटा नव्हे, पूर्ण वाक्यात.