शोधयंत्रे आणि सीमाभागातील मराठी

ग्रंथ छापून झाला म्हणजे तो वाचकाच्या हाती पडला असे कोणी मानीत नाही. त्याची सूचीत नोंद व्हावी लागते आणि मागणाऱ्याच्या तोंडी जे नाव असेल त्या नावाने तो सापडावा लागतो. संकेतस्थळाचीही गोष्ट हीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद हा प्रदेश म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून मराठी प्रकाशनाच्या केंद्रांपासून आम्ही एका राज्याच्या अंतरावर आहोत. महाजालामुळे हे अंतर मिटू शकते. मात्र ते आपोआप मिटत नाही.

शोधयंत्र मुख्यतः तीन कामे करते. ते पृष्ठे गोळा करते, त्यांतील शब्दांची सूची करते आणि विचारणाऱ्यास उत्तरे क्रमाने लावून देते. ही कामे आपल्या स्थळाच्या बाबतीत कशी झाली हे पाहण्याची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत ‘गूगल सर्च कन्सोल’ प्रमुख होय. ‘बिंग वेबमास्टर टूल्स’ हे त्याच जातीचे दुसरे. स्थळ आपल्याच मालकीचे आहे याची खात्री पटवली की, कोणती पृष्ठे सूचीत आली व कोणती वगळली गेली, हे तेथे कळते. सर्व पृष्ठांची यादी, म्हणजे ‘साइटमॅप’, तेथेच सादर करता येते.

मराठी स्थळाची पहिली अडचण अक्षरांतच असते. जुन्या छपाईच्या फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो; यंत्राच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असतो. असा मजकूर मराठी शब्दाने शोधणाऱ्यास सापडणार कसा? म्हणून तो प्रथम रूपांतरक साधनाने युनिकोडमध्ये आणावा. तेथेही सावधपणा हवा. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य दोन निराळ्या रीतींनी टंकता येतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, तत्पूर्वी ते अ आणि चंद्र जोडून लिहीत. डोळ्यांस ही रूपे सारखीच दिसतात, यंत्रास ती भिन्न वाटू शकतात. यास्तव संपूर्ण स्थळावर एकच रीत पाळावी. जुन्या अंकांची पाने केवळ छायाचित्रे म्हणून चढवू नयेत. अक्षरे ओळखणाऱ्या साधनाने त्यांचा मजकूर काढावा आणि मराठी जाणणाऱ्या माणसाने तो तपासावा.

दुसरी अडचण नावांची आहे, आणि आमच्या भागात तिचे महत्त्व विशेष आहे. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले. तथापि पुण्यातील आप्त अजून ‘गुलबर्गा’ असेच टंकतो. कोणी ‘कलबुरगी’ लिहितो. बीदर कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. बसवकल्याणास पूर्वी नुसते ‘कल्याण’ म्हणत. त्या शब्दाने आज शोधणारा ठाणे जिल्ह्यातील कल्याणास जाऊन पोहोचतो. परिणामी चालुक्यांची राजधानी त्याच्या नजरेआडच राहते. माणिकप्रभूंविषयी (१८१७–१८६५) लिहिताना माणिकनगर, हुमनाबाद व जन्मस्थान लाडवंती ही तिन्ही नावे यावीत, कारण वाचक यांपैकी कोणत्याही एका नावाने येईल. सर्च कन्सोलमध्ये वाचकाने कोणते शब्द टंकले असता आपले पृष्ठ दिसले, याची गेल्या सोळा महिन्यांपर्यंतची नोंद पाहता येते. ही नोंद मुख्याध्यापकाने वा ग्रंथपालाने महिन्यातून एकदा वाचावी. लोक आपल्याला कोणत्या नावाने ओळखतात, हे तीत दिसते. ‘गूगल ट्रेंड्स’वर दोन नावांची तुलनाही करता येते. अधिकृत नाव शीर्षकात आणि जुने नाव पहिल्याच परिच्छेदात सहज वाक्यात यावे, हे उत्तम.

तिसरी गोष्ट वेगाची. ‘पेजस्पीड इन्साइट्स’ हे साधन पृष्ठ मोबाईलवर किती लवकर उघडते ते सांगते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी त्याची अपेक्षा असते. संमेलनांची अवजड छायाचित्रे लहान केली तरी बराच फरक पडतो. पृष्ठाची भाषा मराठी आहे अशी खूण त्याच्या संकेतावलीत घालावी, म्हणजे योग्य फाँट असल्यास ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाने उमटतात आणि दृष्टिहीनांस मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनास भाषा कळते. मराठीसोबत कन्नड पृष्ठही असेल, तर ती दोन्ही परस्परांची रूपे आहेत हेही यंत्रास कळवता येते.

प्रसिद्धीच्या नावाखाली एकच शब्द शंभरदा लिहिणे किंवा विकतचे दुवे मिळवणे, हे मार्ग टाळावेत. असे स्थळ शोधयंत्रे खाली ढकलतात. शोधशब्दांची लपलेली यादी क्रम ठरवताना गूगल विचारात घेत नाही, हे त्याने २००९ सालीच जाहीर केले आहे. त्याऐवजी शेजारच्या शाळेने, वाचनालयाने वा उदगीरच्या मंडळाने आपल्या पृष्ठावर आमचा उल्लेख करावा आणि आम्ही त्यांचा करावा, हे उचित.

ही साधने वाचक कोठे अडतो ते दाखवतात. त्याने काय वाचावे ते आम्हालाच लिहावे लागते. आमच्या भागातील प्रत्येक मराठी संस्थेने आपल्या गावाविषयी, त्याच्या जुन्या-नव्या नावांसह, एक पृष्ठ जरी नीट लिहिले, तरी भालकीचा वा आळंदचा शोध घेणाऱ्या मराठी माणसास मराठीतच उत्तर मिळू लागेल.