कुलधरा: शापाआड झाकलेलं गाव

जैसलमेरहून कुलधरा जेमतेम १८ किलोमीटर. तेवढ्या वाटेत जीपचालक शापाची गोष्ट सांगून मोकळा होतो. जैसलमेरचा दिवाण सालमसिंह याची नजर गावच्या मुखियाच्या मुलीवर पडली. पालीवाल ब्राह्मणांच्या ८४ गावांनी एकी केली आणि एका रात्रीत सगळे घरदार टाकून निघून गेले. जाताना शाप दिला, की इथे पुन्हा कुणी नांदणार नाही.

नोंदी मात्र वेगळं सांगतात. १८१५च्या सुमारास कुलधऱ्यात सुमारे २०० घरं आणि ८०० माणसं होती. १८९०च्या आसपास गावात ३७ माणसं उरल्याची नोंद आहे. म्हणजे एका रात्रीत ओस पडलेलं हे गाव नव्हे. दोन-तीन पिढ्यांत ते रितं होत गेलं. सालमसिंहाचा जुलूम खोटा नाही. त्याच्या जाचामुळे पालीवाल राज्य सोडून जात असल्याचं ब्रिटिश अधिकारी कर्नल जेम्स टॉडने त्याच काळात लिहून ठेवलं आहे. पण सावकारी, लोकर-तुपाचा व्यापार आणि शेती अशा तिन्ही आघाड्यांवर पाय रोवलेल्या समाजाला उखडायला एकटा दिवाण पुरला नसावा. मुंबई बंदराचं महत्त्व वाढलं तसा उंटांच्या तांड्यांचा व्यापार ओसरला. गावाशेजारची काकणी नदी कोरडी पडली, विहिरी आटल्या. भूकंपाने घरं पाडली असावीत, असंही काही भूवैज्ञानिकांनी २०१७ साली मांडलं आहे. मला दिवाणाच्या करांचा जाच आणि पाण्याची ओढ ही जोडी अधिक पटते.

गाव फिरताना डोळ्यांत भरते ती त्याची आखणी. उत्तर-दक्षिण लांबट पसरलेली वस्ती, तिच्यातून जाणारे सरळ रस्ते, त्यांना छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या, मध्यभागी मंदिर. चारशेच्या वर घरांचे अवशेष आजही मोजता येतात. छपरं गेली आहेत, पण पिवळ्या दगडाच्या भिंती, अंगणं, भिंतीतले कोनाडे जागेवर आहेत. गावाबाहेर स्मशानभूमीत देवळ्या, म्हणजे स्मृतिशिळा आहेत. इथल्या लेखांत जैसलमेरच्या भाटी राजांचा ‘भट्टिक संवत’ आढळतो. त्यातल्या दोन मृत्यूंच्या नोंदी इ.स. १२३५ आणि १२३८च्या ठरतात. पालीहून आलेली ही माणसं इथे सहाशे वर्षं टिकली.

वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ती टिकली कशी, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गावाबाहेरच्या शेतात आहे. त्याला खडीन म्हणतात. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी वाहत येतं. उताराच्या पायथ्याशी, सखल जमिनीच्या कडेला, मातीचा लांब बांध घालून ते अडवायचं. जास्तीचं पाणी जायला बांधात सांडवा ठेवायचा. पावसाळाभर शेत तळ्यासारखं भरून राहतं आणि वाहून आलेला गाळ तळाशी बसतो. पाणी मुरलं, उरलेलं काढून दिलं, की ओल्या मातीत गहू-हरभरा पेरायचा. पुढे पावसाचा थेंब पडला नाही तरी त्या ओलीवर रब्बी उभी राहते. यात जागेची निवड फार महत्त्वाची. कुलधऱ्याच्या परिसरात जमिनीखाली जिप्समचा थर आहे. त्यामुळे पाणी फार खोल न जाता वरच अडून राहतं. कुठलीही यंत्रं हाताशी नसताना पालीवालांनी अशी जमीन हेरली होती. आपल्याकडे त्यांच्या शापाची चर्चा होते, या विद्येची होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या पाटलाच्या वावरात बांधबंदिस्ती झाली आहे, त्याला तर हे शेत पाहताच ओळखीचं वाटेल.

जैसलमेर शहरातली सालमसिंहाची हवेलीही पाहण्याजोगी आहे. वरच्या मजल्यावरचे मोराच्या आकाराचे दगडी कंस अप्रतिम आहेत. रयत पिळून निघत होती त्याच काळात हे कोरीवकाम उभं राहिलं, हे लक्षात ठेवूनच मी ते पाहिलं. कुलधऱ्याहून पुढे खाभा हे पालीवालांचंच दुसरं ओसाड गाव आहे. तिथल्या किल्ल्याच्या तटावरून खालच्या बिनछपराच्या घरांच्या ओळी एका नजरेत दिसतात. तिथे गर्दी कमी असते.

कुलधरा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. काही घरं डागडुजी करून उभी केली आहेत. तरीही भिंतींवर चढून फोटो काढणारे आणि दगडांवर नावं कोरणारे थांबलेले नाहीत. जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, भिंतींना हात लावू नका. आणि चालकाला सांगा, शापाची गोष्ट राहू दे, आधी खडीन दाखव. त्या दिवसांत वाळवंटाच्या मधोमध गहू-हरभऱ्याची हिरवी शेतं असतात, आणि आसपासच्या गावांतले शेतकरी अजूनही ती कसतात.