भाव फुटण्याआधीची धडधड
ताणाची ओळख : लेखांक ७

ताण कष्टामुळे येतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिलेला माणूस रात्री गाढ झोपतो आणि बाजारात नुसता उभा असलेला माणूस घामाघूम होतो. नेवासा तालुक्यातील घोडेगावचा कांदा बाजार हा या दुसऱ्या प्रकारचा नमुना. नगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरच्या या गावात नेवासा बाजार समितीच्या उपबाजारात लिलावाच्या दिवशी गोण्यांच्या थप्प्या लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका मालाच्या एका वक्कलवरून दुसऱ्या वक्कलकडे सरकत जातो. कित्येक महिन्यांच्या मेहनतीचे मोल काही क्षणांत ठरते आणि नेमक्या त्या क्षणी शेतकऱ्याच्या हातात करण्यासारखे काही नसते. तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, तळहात ओलावतात.

ही लक्षणे भित्रेपणाची नव्हेत. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. नाडी वाढते, स्नायूंकडे जादा रक्त जाते, पचन मंदावते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या ‘लढा किंवा पळा’ तयारीचे वर्णन केले. घोडेगावच्याच शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात एखादा बैल उधळला, तर हीच तयारी जीव वाचवते. माणूस बाजूला उडी मारतो, बैल आवरला जातो आणि थोड्या वेळात नाडी जागेवर येते. पडलेल्या भावापासून मात्र पळता येत नाही आणि त्याच्याशी लढताही येत नाही. शरीराने केलेली तयारी खर्चच होत नाही.

धोका आहे तो ही अवस्था लांबण्यात. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या छोट्या टिपणातून पुढे तीन टप्प्यांची कल्पना रूढ झाली : धोक्याची सूचना, प्रतिकार आणि थकवा. मधला टप्पा फसवा असतो. माणूस कामावर जातो, लग्नकार्याला हजर राहतो, हसतोही. साठवणीच्या चाळीतला कांदा जसा वरून ठणठणीत दिसतो आणि आत काजळी धरत असते, तसे हे असते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले की झोप तुटते, रक्तदाब आणि साखर वाढते, चिडचिड होते. घरातली माणसे ‘स्वभाव बदलला’ म्हणतात, तेव्हा तो टप्पा बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

एकच संकट सर्वांना सारखे का लागत नाही? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी उंदरांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. दोन उंदरांना विजेचे सारखेच झटके दिले, पण एकाला आधी सूचना मिळत होती. सूचना मिळणाऱ्या उंदराच्या जठरात जखमा कितीतरी कमी झाल्या. वेदना तेवढीच होती. फरक होता तो ती केव्हा येणार हे कळण्याचा.

कांदा उत्पादकाला अशी सूचना क्वचितच मिळते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ रोजी ४० टक्के शुल्कासह खुली झाली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते उठले. वीस महिन्यांत इतके फेरे. अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी ठरतो.

म्हणून प्रतिबंधाची सुरुवात अनिश्चितता जेवढी कापता येईल तेवढी कापण्यापासून करावी लागते. बियाणे, खते, मजुरी, बारदाना, भाडे, हमाली, तोलाई वहीत मांडून क्विंटलमागे खर्च किती, हा आकडा लिलावाआधी ठाऊक असला की विक्रीची पट्टी हातात पडल्यावरचा धक्का सुसह्य होतो. चाळीतला माल एकाच भावावर न सोडता टप्प्याटप्प्याने काढला, तर एका दिवसावरचा भार विभागतो. साठवणीत वजन घटते आणि काही कांदा सडतो, हे त्या हिशेबात धरावेच लागते. सोसायटीच्या कर्जाची तारीख आणि उसनवारी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी माहीत असणे हाही प्रतिबंधच. कर्जाचा आकडा लपवण्यात मनाची जेवढी शक्ती जाते, तेवढी ते फेडण्याची तजवीज करण्यात जात नाही.

नोकरीतही हेच सूत्र लागू पडते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ साली सुरू झाला. ताण वरिष्ठ साहेबांना जास्त, हा समज त्यात उलटा पडला. तळच्या श्रेणीतील शिपाई-दरवानांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला आणि धूम्रपानासारख्या कारणांनी त्यातला थोडाच भाग उलगडला. पुढच्या अभ्यासात आपल्या कामावर आपले नियंत्रण कमी असणे हे हृदयविकाराशी जोडलेले दिसले. बाजारातल्या हमालाची पाठ भरून येते ती ओझ्याने. पण उद्या काम मिळेल का आणि मजुरी कोण देईल, ही काळजी वेगळी. महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याने नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांची सोय केली, ती या दुसऱ्या ओझ्यावर. कामाच्या ठिकाणचा ताण कमी करणारे उपाय बहुतेकदा असेच रुक्ष असतात : पगाराची ठरलेली तारीख, पाळीचे आधी लावलेले वेळापत्रक, एका कामाला एकच साहेब. वर्षातून एकदा योगशिबिर घेणे सोपे असते, म्हणून कचेऱ्या तेच आधी घेतात.

शरीराचे उपाय तरीही टाकाऊ नव्हेत. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला आणि पाचेक मिनिटे तसे केले, तर धडधड उतरते. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची स्नायू सैलावण्याची पद्धत याहून सोपी : हाताची मूठ घट्ट आवळायची, सोडायची, मग खांदे, जबडा, पाय. आवळल्याशिवाय आपण किती आवळलेले होतो ते कळत नाही. रात्री अंथरुणावर मोबाइलवर भावाचे संदेश चाळणे टाळावे, कारण रात्री अकराला कळलेला भाव सकाळपर्यंत बदलता येत नाही. तंबाखू आणि चहा तात्पुरती हुशारी देतात. दारू लवकर झोपवते, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते.

उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर घरगुती उपायांवर थांबू नये. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. मदतीला नेहमी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असेही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याचे रुग्ण हाताळून पाहिले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत अशा सहा ते आठ भेटींनी रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा झालेला दिसला. त्या भेटींचा गाभा साधा होता : आजारात सुटून गेलेली रोजची कामे, माणसांकडे जाणे-येणे, आवडीच्या गोष्टी, यांतले एकेक ठरवून पुन्हा सुरू करायचे.