शब्दांचा वाटा : स्ट्रीमिंगच्या काळातील गीतकाराचे मानधन आणि कर्तृत्वाची नोंद

गीताला कविता म्हणावे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेत दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. भावगीत आणि चित्रपटगीत यांना कवितेच्या पंक्तीत बसविताना समीक्षकांनी अनेकदा हात आखडता घेतला. कायद्याने मात्र हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ यानुसार गीताचे शब्द ही 'साहित्यकृती' ठरते. 'संगीतकृती'च्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणजे श्रोत्याला एकसंध वाटणारे गाणे कायद्याच्या दृष्टीने तीन कृतींचे बनलेले असते : गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल आणि त्या दोहोंचे ध्वनिमुद्रण. इंटरनेटवरून गाणे ऐकविण्याच्या पद्धतीत, म्हणजे स्ट्रीमिंगमध्ये, यांपैकी शब्दांचा मोबदला गीतकारापर्यंत कसा पोहोचतो आणि कोठे अडतो, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकालाही अगत्याचे आहे.

गाणे एकाच वेळी असंख्य ठिकाणी वाजते. प्रत्येक ठिकाणी जाऊन पैसे मागणे एकट्या गीतकाराला शक्य नसते. या अडचणीतूनच सामूहिक वसुलीची कल्पना जन्मास आली. १८४७ साली पॅरिसमधील एका उपाहारगृहात आपलीच रचना वाजत असल्याचे ऐकून एर्नेस्त बुर्जे या गीतकाराने खाण्यापिण्याचे पैसे देण्यास नकार दिला. त्यातून उद्भवलेल्या वादाचा निकाल लेखकांच्या बाजूने लागला आणि १८५१ मध्ये 'सासेम' ही संस्था स्थापन झाली. भारतात याच कार्यासाठी १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) निघाली. गीतकार, संगीतकार आणि संगीतप्रकाशक हे तिचे सभासद असतात. येथे 'प्रकाशक' म्हणजे पुस्तक छापणारा नव्हे, तर रचनेचे हक्क स्वतःकडे घेऊन त्यांचा व्यवहार पाहणारा. भारतात ही भूमिका बहुधा ध्वनिमुद्रिका कंपन्याच बजावीत आल्या आहेत.

भारतीय गीतकाराची स्थिती मात्र संस्था निघाल्याने सुधारली नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेच्याच एका दाव्यात असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत लिहवून घेतले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर त्या गीताचा प्रथम स्वामी निर्माताच होय. एकरकमी रक्कम स्वीकारून गीतकाराने बाजूला व्हावे, ही रीत त्यामुळे दृढ झाली. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य, कवी-गीतकार जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा हिरिरीने पाठपुरावा केला होता. तिच्यानुसार चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या रचनेवरील रॉयल्टीचा समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा वसुलीसाठी प्रताधिकार संस्थेकडे सोपविता येतो. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणांनाही हे संरक्षण लाभल्याने मराठी भावगीताच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते. शिवाय, करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज हस्तांतर त्या माध्यमाला लागू होत नाही, असेही या दुरुस्तीने ठरविले.

आता प्रत्यक्ष वाटपाची रीत पाहू. एका श्रवणाला ठरावीक किंमत असते, हा समज बरोबर नाही. श्रोत्यांची वर्गणी आणि जाहिराती यांतून सेवेला जे उत्पन्न होते, त्याचा मोठा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकांकडे जातो. त्याहून बराच लहान भाग शब्द आणि चाल यांच्यासाठी, म्हणजे 'रचने'साठी, राखला जातो. हे प्रमाण करारानेच ठरते. नभोवाणीसाठी कायद्याने जी वैधानिक परवान्याची सोय केली आहे, ती इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या दाव्यात दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला.

रचनेसाठी राखलेली रक्कम सामान्यतः श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटली जाते. समजा, एका महिन्यात ही रक्कम १,००,००० रुपये आहे, एकूण श्रवणे १०,००,००० झाली आणि त्यांपैकी एका गीताची २०,००० आहेत. संस्थेचा खर्च वजा न करता त्या गीताच्या वाट्यास २,००० रुपये येतील. प्रचलित विभागणीनुसार प्रकाशकाला निम्मे, म्हणजे १,००० रुपये, आणि गीतकार व संगीतकार यांना प्रत्येकी ५०० रुपये मिळतील. आकडे येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. गीतकाराचा वाटा लहान असला तरी निश्चित आहे. तो मिळण्यासाठी एकच अट आहे : गीतापुढे त्याचे नाव नोंदलेले असले पाहिजे.

नेमकी येथेच अडचण उद्भवते. सेवेकडून येणाऱ्या यादीत ध्वनिमुद्रणाचा उल्लेख असतो, रचनेचा नव्हे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 'आयएसआरसी' हा बारा अक्षरांकांचा क्रमांक असतो. रचनेला 'आयएसडब्ल्यूसी' हा वेगळा क्रमांक असतो. पहिल्यावरून दुसरा शोधून त्याची गीतकाराच्या नावाशी जोडणी करावी लागते. ही जोडणी झाली नाही, तर पैसा जमा होऊनही धनी न सापडलेल्या रकमेत पडून राहतो.

'गीतरामायणा'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग. दि. माडगूळकरांची ही छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित झाली. पुढे ती अनेकांनी गायली आणि अन्य भाषांत त्याच चालींवर अनुवादितही झाली. म्हणजे रचना एक, ध्वनिमुद्रणे अनेक. आणि अनुवादात शब्दांचा आणखी एक कर्ता. त्यात कवीचे नाव कोठे 'ग. दि. माडगूळकर', कोठे 'गदिमा', कोठे इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिले गेले, तर वाचकाला ओळखू येणारा एकच कवी यंत्राला तीन व्यक्ती वाटू शकतो. हक्कांच्या मुदतीही भिन्न आहेत. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील; फडके २००२ मध्ये निवर्तले, त्यामुळे चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत राहील.

अभंगाच्या बाबतीत हा भेद अधिकच ठळक होतो. श्रीनिवास खळे यांनी तुकोबांच्या अभंगांना दिलेल्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अभंगांचे शब्द मात्र सर्वांचे आहेत. अशा वेळी शब्दांच्या रकान्यात कोणाचे नाव घातले जाते, याकडे लक्ष असणे आवश्यक ठरते. संतांची रचना अनवधानाने वा अन्यथा दुसऱ्याच्या नावावर चढली, तर सार्वजनिक ठेव्यावर खाजगी मिळकत उभी राहते.

संतकवी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा गुंफीत. मौखिक परंपरेत कर्तृत्व टिकविण्याचा तो खात्रीचा मार्ग होता, कारण शब्द जेथे जात तेथे नावही जाई. आधुनिक गीतकाराने ही मुद्रा सोडली आणि आपले नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर सोपविले. स्ट्रीमिंगमध्ये वेष्टनच उरले नाही. पडद्यावर गायकाचे नाव ठळक दिसते. गीतकाराचे नाव शोधावे लागते, आणि कित्येकदा ते सापडत नाही.

कायद्याने २०१२ मध्ये गीतकाराला हक्क दिला. तो हक्क प्रत्यक्ष हाती येण्यासाठी नोंद लागते. जुन्या मराठी गीतांची कर्तृत्वनिश्चिती, पाठभेदांची छाननी, टोपणनावांचा उलगडा आणि प्रथम ध्वनिमुद्रणाचे वर्ष ठरविणे ही कामे सूचिकाराची आणि पाठचिकित्सकाची आहेत. मराठी विभागांना ती अपरिचित नाहीत. सूचिकार्याला आजवर केवळ अभ्यासाचे साधन मानले गेले. काळजीपूर्वक सिद्ध केलेली गीतसूची एखाद्या दिवंगत कवीच्या वारसांना त्यांचा रास्त वाटा मिळवून देऊ शकते, हे ध्यानात घेतल्यास या उपेक्षित कार्याकडे पाहण्याची दृष्टी बदलावयास हवी.