विकल्या न गेलेल्या पटकथेचे नाव

चित्रपटाचे नाव आणि पटकथेचे नाव ही एकच गोष्ट होय, असे सामान्यतः समजले जाते. परंतु दोहोंचे कार्य भिन्न आहे. पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या नावाला भित्तिपत्रकांची, गाण्यांची आणि नटनटींच्या कीर्तीची साथ असते. विकल्या न गेलेल्या पटकथेला यांपैकी काहीच लाभत नाही. निर्मात्याच्या मेजावर इतर अनेक प्रतींत ती पडून असते आणि तिच्या वतीने बोलणारे असे केवळ तिचे शीर्षकच असते. म्हणून, ही प्रत उघडून पाहावी असे अपरिचित वाचकास वाटेल, असे नाव लेखकाने शोधले पाहिजे.

असे नाव बहुधा बाहेरून आणावे लागत नाही. ते पटकथेतच दडलेले असते. डॅन ओबॅनन या अमेरिकन लेखकाने परग्रहावरील एका भीषण प्राण्याची कथा लिहावयास घेतली, तेव्हा तिला ‘स्टार बीस्ट’, म्हणजे ताऱ्यांमधील श्वापद, असे नाव दिले होते. ते त्याला रुचत नव्हते. पुढे ‘एलियन’ हा शब्द आपल्या लेखनात वारंवार येत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. इंग्रजीत हा शब्द नाम आहे आणि विशेषणही. त्यातून परका जीव सूचित होतो, तसेच परकेपणही. १९७९ साली चित्रपट याच नावाने प्रदर्शित झाला.

आपल्याकडील १९५३ चा ‘दो बीघा जमीन’ हा चित्रपटही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सलिल चौधुरी यांच्या मूळ कथेचे नाव ‘रिक्शावाला’ असे होते. बिमल रॉय यांनी चित्रपटासाठी स्वीकारलेले नाव रवींद्रनाथांच्या एका कवितेवरून घेतलेले आहे. पहिले नाव नायकाचा व्यवसाय सांगते. दुसरे, तो कलकत्त्याच्या रस्त्यांवर कशासाठी ऊर फुटेतो धावतो आहे, ते सांगते. ‘सूड’ किंवा ‘संघर्ष’ यांसारखे शब्द शंभर कथांना शोभतील. दोन बिघ्यांचे मोजमाप मात्र या एकाच कथेचे आहे. शीर्षकाची खरी कसोटी हीच. याखेरीज ते एकदा ऐकताच लक्षात राहावे, कथेची जात त्यावरून कळावी आणि शेवट मात्र कळू नये, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

नाव कितीही समर्पक साधले, तरी त्यावर लेखकाची मालकी निर्माण होत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. एका लेखकाने ‘देसी बॉइज’ या नावाचा कथासारांश २००८ साली लेखकांच्या संघटनेकडे नोंदविला होता. २०११ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि शीर्षकाचा हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ शीर्षकाला, विशेषतः ते नित्याच्या शब्दांनी बनलेले असता, स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय न्यायालयाने २०१५ साली दिला. निर्मात्यांच्या संघटना आपल्या सभासदांसाठी नावे नोंदवून ठेवतात खऱ्या. परंतु ती व्यवसायांतर्गत शिस्त आहे, कायद्याने दिलेली मालकी नव्हे.

यास्तव लेखकाने केवळ नाव व सारांश नोंदवून स्वस्थ न राहता संपूर्ण पटकथा नोंदवावी. कायदा रक्षण करतो ते प्रसंगांच्या गुंफणीचे आणि संवादांचे. विक्रीनंतर निर्माता नाव बदलू शकतो. मात्र पहिले पान उलटले जाईपर्यंत त्या नावावाचून लेखकाला दुसरा कैवारी नसतो.