आरोग्याचे नियम कळतात, पण वळत कां नाहींत?

शेतांत काम करणाऱ्या मनुष्याच्या पायांत कांटा मोडतो, खुरप्यानें बोट कापतें, नांगराच्या फाळाची जखम होते. धनुर्वाताचे जंतू मातींत आणि शेणखतांत बीजरूपानें वर्षानुवर्षें जिवंत राहतात, व लस टोंचून घेतल्यानें तो रोग टाळतां येतो, ही गोष्ट आतां बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. तरी आपण शेवटची लस कोणत्या सालीं घेतली, असें कोणी एकाएकीं विचारलें तर किती जणांस सांगतां येईल? प्रस्तुत लेखकास सांगतां आलें नाहीं, आणि हा लेख लिहावयास तेंच कारण झालें.

लोक आरोग्याचे नियम मोडतात तें अज्ञानामुळें, ज्ञान दिलें म्हणजे आचरण आपोआप सुधारेल, असा समज फार काळ चालत आला. ह्या समजास मोठा धक्का अमेरिकेंत बसला. सन १९५० च्या सुमारास तेथील सरकारी आरोग्यखात्यानें, क्षयरोग वेळींच ओळखतां यावा म्हणून, क्ष-किरणांचीं यंत्रें गाड्यांत घालून वस्त्यांतून फिरविलीं. तपासणी फुकट, गाडी दाराशीं. तरी पुष्कळ लोक तिकडे फिरकलेच नाहींत. तेव्हां हॉकबाम नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें तीन शहरांतील सुमारें बाराशें प्रौढांची चौकशी केली व ती सन १९५८ सालीं प्रसिद्ध झाली. क्षय आपणासहि, बाहेरून कांहीं लक्षण दिसत नसतांना, होऊं शकेल आणि तो लवकर कळण्यांत हित आहे, ह्या दोन्ही गोष्टी ज्यांस पटल्या होत्या त्यांपैकीं शेंकडा ८२ जणांनीं तपासणी करून घेतलेली होती. ज्यांस दोहोंपैकीं एकहि पटली नव्हती त्यांपैकीं अवघ्या शेंकडा २१ जणांनीं. कपाशीचें बोंड वरून निरोगी दिसतें आणि आंत गुलाबी अळी बसलेली असते, हें जाणून आपण बोंड फोडून पाहतों; स्वतःच्या देहाविषयीं मात्र तसा संशय आपणांस येत नाहीं.

ह्या शोधांतून जो सिद्धांत निघाला त्याचें सार असें कीं, मनुष्य मनांतल्या मनांत एक जमाखर्च मांडतो. रोग आपणांस होण्याचा संभव किती, झाल्यास तो किती गंभीर, उपायानें लाभ काय, आणि उपाय करण्यांत अडचण, खर्च व खोळंबा किती, हीं त्या खात्यांतील चार कलमें होत.

पहिलीं दोन कलमें वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे भीति दाखविणें, असें आपणांस वाटतें. भीतीचा उपयोग कोठवर होतो ह्याची परीक्षा लेव्हेंथाल व त्यांचे सहकारी ह्यांनीं येल विद्यापीठांत केली. ती सन १९६५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि योगायोगानें तीहि धनुर्वाताच्या लसीसंबंधींच होती. विद्यार्थ्यांस पुस्तिका वाचावयास दिल्या. कांहींत रोगाचें वर्णन सौम्य होतें, कांहींत चित्रांसह भयंकर. भयंकर पुस्तिका वाचणारे अधिक घाबरले, लस घेतलीच पाहिजे असें अधिक जोरानें म्हणाले. परंतु प्रत्यक्ष लस घेणाऱ्यांच्या संख्येंत त्यामुळें म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. फरक पडला तो निराळ्याच गोष्टीनें. कांहीं विद्यार्थ्यांस पुस्तिकेबरोबर दवाखान्याची जागा दाखविणारा नकाशा व लस टोंचण्याच्या वेळा दिल्या होत्या, आणि आपल्या आठवड्याच्या कामांतून तेथें केव्हां जातां येईल तें पाहून ठेवण्यास सांगितलें होतें. दवाखाना कोठें आहे हें त्यांस आधींच ठाऊक होतें! तरी त्यांपैकीं शेंकडा २८ जणांनीं लस घेतली. नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकीं शेंकडा ३ जणांनीं. उलट ज्यांस नकाशा मिळाला पण रोगाची माहिती मिळाली नाहीं, त्यांपैकीं एकहि गेला नाहीं. विद्यार्थी थोडे होते, म्हणून आंकड्यांवर फार भार देऊं नये; परंतु केवळ माहिती पुरत नाहीं आणि केवळ वेळापत्रकहि पुरत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर ह्यांनीं सन १९९९ सालीं ह्या तत्त्वाचा विस्तार केला. 'मी करीन' ह्या संकल्पापेक्षां 'अमुक वेळ आली कीं अमुक करीन' हा संकल्प तडीस जाण्याचा संभव अधिक, असें त्यांचें म्हणणें. आपणांस हें नवें नाहीं. पेरणी केव्हां तरी करूं, असें कोणी म्हणत नाहीं. पाऊस पडून पुरेशी ओल झाली कीं तिफण धरावयाची, हें ठरलेलें असतें. सन २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, इन्फ्लुएंझाची लस घेण्याचा वार व वेळ कागदावर लिहून ठेवण्यास सांगितलेल्या नोकरांपैकीं शेंकडा ३७ जणांनीं लस घेतली, इतरांपैकीं शेंकडा ३३ जणांनीं. लाभ थोडा खरा, पण खर्चहि कागदाच्या चिठोऱ्याएवढाच.

आतां फवारणीचा विचार करूं. सन २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं, शेंकडों आजारी पडलीं. अतिविषारी औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, कवटीचें चित्र असतें. म्हणजे भीति दाखविण्याचें काम झालेलेंच आहे. उणें आहे तें चौथ्या कलमांत. उन्हाच्या काहिलींत अंगभर जाड कपडे, हातमोजे व तोंडावर आच्छादन घालून दिवसभर पंप वाहणें किती कठीण, हें ज्यानें केलें तोच जाणे. 'हें आपल्या हातून होईल' असा विश्वास वाटल्याविना मनुष्य प्रयत्नास लागत नाहीं, हें बांडुरा ह्यांनीं सन १९७७ सालीं मांडलें. तेव्हां हातमोजे न घालणाऱ्या मजुरास अडाणी म्हणण्याचा प्रघात लेखकास मान्य नाहीं. फवारणी बहुधा मजूर करतो आणि पीक मालकाचें असतें; ती अडचण दूर करणें मालकाच्या हातीं आहे. काम सकाळच्या थंड वेळीं उरकावें, वारा पाठीशीं ठेवावा, बांधावर पाणी व साबण आधींच नेऊन ठेवावा. हातमोजे घरांत खुंटीला न टांगतां पंपाच्याच पट्ट्यास बांधून ठेवावे, म्हणजे पंप उचलतांच ते हातीं येतील, आणि औषध ओतण्यापूर्वीं ते घालावयाचे हें त्यास व आपणास दोघांसहि ठरवून टाकतां येईल.

धनुर्वाताच्या लसीबद्दल लेखकानें पंचांगाच्या पानावर पुढील बाजाराचा वार लिहून ठेविला आहे: बियाणें आणावयास जातांना, दुकानाच्या आधीं दवाखाना.