सरड्याची धाव... किड्यापर्यंत!

मे महिन्यातला शेवटचा वीकएण्ड. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच, समोर हळूहळू जवळ येणारं रेवस, आणि माझ्या आयटीवाल्या मित्राच्या मांडीवर भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. डब्यात डिंपी. डिंपी ही त्याची गर्लफ्रेण्ड नव्हे (ती घरी रुसून बसली होती!), तर बिअर्डेड ड्रॅगन. गळ्याखालची काटेरी दाढी फुगवणारा, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मध्य भागातला सरडा. मित्राच्या आजोळी दोन दिवस फुल टू आराम, असा प्लॅन होता. डिंपीच्या जेवणाची सोय म्हणून वेगळ्या डबीत पन्नासेक रातकिडे घेतले होते.

रेवसला उतरून डबी उघडली आणि बघतो तर काय... सगळे गार! बंद डबी, उकाडा आणि समुद्रावरची दमट हवा. रातकिड्यांचा खेळ खल्लास.

‘सरडा कोन पालतंय रं?’ असं म्हणत शेजारच्या आज्जींनी आधी हसून घेतलं आणि मग मूठभर सुकट पुढे केली. प्रेमाने दिलेली, पण खारवलेली मासळी सरड्याच्या पोटात घालणं काही बरं नव्हे. मित्र मात्र कूल. ‘अरे, इथे किड्यांचा दुष्काळ आहे का? एकदम ऑरगॅनिक, फ्री होम डिलिव्हरी!’

कॅण्डललाइट डिनर? नको रे बाबा!

संध्याकाळी टॉर्च आणि काचेची बरणी घेऊन आम्ही परसात. अर्ध्या तासात बरणीत सहा नाकतोडे. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या झाडावर काजवे लुकलुकायला लागले. ‘डिंपीचा आज कॅण्डललाइट डिनर!’ म्हणत साहेबांनी एक पकडलासुद्धा. आणि मी किंचाळलेच!

याच लेखासाठी वाचून गेले होते म्हणून बरं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये काजवे खाऊन दगावलेल्या पाळीव बिअर्डेड ड्रॅगन्सच्या घटना प्रसिद्ध केल्या होत्या. तिथल्या ‘फोटिनस’ जातीच्या काजव्यात लुसिबुफॅजिन नावाचं विष असतं. भेकाच्या अंगातल्या विषाचंच ते भाईबंद, थेट हृदयावर घाला घालणारं. एक काजवासुद्धा पुरतो. सरडा आ वासतो, काळा पडतो आणि काही तासांत संपतो. आपल्याकडचे काजवे वेगळ्या जातीचे, हे खरं. पण ते चालतात की नाही याचा प्रयोग डिंपीवर कशाला करायचा? काजवा सोडून दिला.

मग नाकतोडे? ते तर डिंपीने आनंदाने खाल्ले असते. पण ओट्यावर बसलेले मामा सहज म्हणाले, ‘सकाळीच वांग्यावर फवारणी केलीय मी.’ आणि ते सहाही नाकतोडे त्याच वाफ्यातले! मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बरणी रिकामी करताना तो एक शब्द बोलला नाही.

जे किड्याच्या पोटात, तेच सरड्याच्या पोटात

खरा फंडा एवढाच आहे. किडा कोणता हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो काय खाऊन आलाय हेही. रानातल्या किड्याची हिस्टरी आपल्याला माहीत नसते. त्याच्या अंगावर औषध असू शकतं, पोटात जंत असू शकतात. फ्लॅटमधल्या झुरळांचंही तेच. पेस्ट कंट्रोलवाला कधी येऊन गेला, आठवतंय? म्हणून किडे खास पाळलेलेच घ्यायचे आणि सरड्याला देण्याआधी दिवसभर त्यांना गाजर, पालेभाजी असं चांगलंचुंगलं खाऊ घालायचं.

दुसरी भानगड कॅल्शियमची. रातकिडा काय, मीलवर्म काय, दोघांतही फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदीच कमी. नुसत्या किड्यांवर वाढलेल्या सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा आणि पाय वाकतात. आपल्याकडच्या मुडदुसासारखंच म्हणा ना! म्हणून किड्यांना कॅल्शियम पावडरमध्ये घोळवून द्यायचं आणि टाकीत यूव्हीबी दिवा लावायचा. त्या प्रकाशाशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

मेन्यू कार्ड

• रातकिडे : रोजच्या जेवणाला बेस्ट. पण नर रात्रभर किरकिरतात, झोपेचं खोबरं! उरलेले टाकीत ठेवू नका, ते झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात.

• ड्युबिया झुरळं : दक्षिण अमेरिकेतली. आवाज नाही, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही. फ्लॅटवाल्यांसाठी आयडियल... आईला पटवता आलं तर!

• मीलवर्म, सुपरवर्म : अरोवाना माशांसाठी हे विकणारी दुकानं शहरात सापडतात. पण चरबी जास्त आणि कवच कडक. वडापावसारखं, अधूनमधून ठीक.

• ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या : यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर.

• रेशीमकिडे : मऊ आणि पचायला हलके.

साइजचा नियम सोपा आहे. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको. पिल्लांना रोज किडे लागतात, मोठ्यांना आठवड्यातून काही वेळाच. मोठ्या सरड्याच्या ताटात जास्त वाटा पाल्याचा हवा.

आणि हेच आम्ही त्या धावपळीत विसरलो होतो! डिंपी चांगली दोन वर्षांची घोडी. तिला दोन दिवस किडे मिळाले नसते तरी काही बिघडणार नव्हतं. मग मामींनी शेवग्याचा कोवळा पाला आणून दिला, दारातली दोन जास्वंदीची फुलं खुडली. शेवग्याला आणि जास्वंदीला फवारणी कधीच होत नाही, हे आधी दोनदा विचारून घेतलं. डिंपीने फुलाकडे एक डोळा वर करून पाहिलं आणि मटकन अर्धं फूल गट्टम!

रविवारी परतीच्या लाँचमध्ये मित्र मोबाइलवर शॉपिंग लिस्ट टाइप करत होता. रातकिडे, कॅल्शियम पावडर आणि सगळ्यात वर, भोकं असलेली मोठी डबी.